संकटकाळी संदेशाने मदत कशी मागावी?

खानदेशातील शेतकऱ्याचा दिवस गावात थोडा आणि शिवारात अधिक जातो. रावेर-यावलच्या केळीबागा, चोपडा-शिरपूरच्या बाजूची सातपुड्याच्या पायथ्याची राने, साक्रीकडील डोंगरपट्टा, गिरणा-पांझरेच्या काठची मळई, या सर्व ठिकाणी माणूस एकटा अथवा एखाद्या सोबत्यासह काम करीत असतो. वीज रात्रपाळीची असली म्हणजे पाणी देण्याचे कामही रात्रीच करावे लागते. अशा वेळी सर्पदंश, विजेचा धक्का, फवारणीतील विषबाधा, विहिरीत पडणे, गंजीस अथवा गोठ्यास आग, नाल्यास अकस्मात आलेला पूर यांपैकी कोणतेही संकट ओढवले, तर पहिला प्रश्न औषधाचा नसतो. पहिला प्रश्न असतो हाक कोणास आणि कशी मारावयाची, हा.

आता बहुतेक शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या खिशात मोबाइल फोन आहे. परंतु फोन जवळ असणे आणि त्यावरून योग्य हाक मारता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलणे शक्य असेल तर बोलावेच. पण जेथे आवाज तुटतो, जेथे बोलणे धोक्याचे असते, किंवा जेथे माणसास बोलताच येत नाही, तेथे लघुसंदेश, म्हणजे ज्यास आपण सर्वजण ‘मेसेज’ म्हणतो तो, हाच आधार उरतो. हा संदेश कसा लिहावा, कोणास पाठवावा आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार या पाठात केला आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातील एका केळीबागेत रात्री पाणी देत असताना एका सालदारास साप चावला. सोबत्याने मालकास दोनदा फोन लावला, पण बाग नदीकाठच्या खोलगट भागात असल्याने आवाज तुटत होता. तेव्हा त्याने संदेश पाठविला, “आबा लवकर या.” संदेश पोहोचला. आबांनी तो वाचलाही. परंतु त्याच आठवड्यात मोटर बंद पडल्यामुळे याच शब्दांचे दोन संदेश त्यांना येऊन गेले होते. मोटरच बिघडली असेल असे समजून ते जेवण उरकून सावकाश निघाले. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला होता. सालदाराचा जीव वाचला. पण पायाचे मांस सडून दोन बोटे काढावी लागली व पुढे अनेक महिने त्यास काम करता आले नाही.

या प्रसंगात दोष कोणा एकाचा नव्हता. सोबत्याने तत्परता दाखविली होती आणि मालकही निष्काळजी नव्हते. चुकला तो मजकूर. “साप चावला” हे दोन शब्द त्या संदेशात असते, तर ते दोन तास वाचले असते. प्रस्तुत लेखकाने त्याच शेतावर पूर्वी ठिबक संचाचे आणि खतमात्रेचे प्रात्यक्षिक घेतले होते. द्रव किती लिटर पाण्यात किती मिसळावे, हे तेथील प्रत्येक गड्यास पाठ होते. संकटात काय लिहावे, हे मात्र त्यांना कोणी शिकविले नव्हते. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी विस्तारकार्य करणाऱ्या आपणा सर्वांची आहे.

लघुसंदेश कसा पोहोचतो?

जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. फोनवर बोलताना दोन्ही बाजूंमधील मार्ग बोलणे संपेपर्यंत सतत उघडा राहावा लागतो. लघुसंदेशाचे तसे नाही. तो चिठ्ठीसारखा असतो. फोन ती चिठ्ठी मनोऱ्याकडे देतो. तेथून ती कंपनीच्या संदेशकेंद्रात जाते. आणि ज्याच्या नावाने ती आहे त्याचा फोन बंद असला किंवा क्षेत्राबाहेर असला, तर ती काही काळ तेथे राखून ठेवली जाते व फोन सुरू होताच पोहोचविली जाते.

यावरून संदेशाचे गुण व दोष दोन्ही ध्यानात येतील. गुण असा की, चिठ्ठी जाण्यास क्षणभराचा मार्ग पुरतो. त्यामुळे जेथे बोलणे तुटते अशा क्षीण क्षेत्रातूनही संदेश निघून जाण्याचा संभव असतो. त्यास इंटरनेट लागत नाही. साधा बटणांचा फोनही पुरेसा होतो. दोष असा की, चिठ्ठी केव्हा पोहोचेल याची हमी नसते. ती दहा सेकंदांत जाईल, किंवा गर्दी असल्यास बराच वेळ अडकूनही राहील. शिवाय समोरच्यास उलट प्रश्न विचारून तत्काळ खुलासा करून घेता येत नाही.

व्हॉट्सॲपचा संदेश व लघुसंदेश एकच, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागते. शिवारात इंटरनेट नसेल तर तेथे लिहिलेला मजकूर फोनमध्येच पडून राहतो आणि पाठविणारा मात्र मदतीची वाट पाहत बसतो. सबब, संकटात इंटरनेटची खात्री नसेल तर साधा लघुसंदेशच पाठवावा.

आधी बोलावे, न जमल्यास लिहावे

अमेरिकेत २०१४ पासून मोठ्या मोबाइल कंपन्यांनी तेथील ९११ या आपत्कालीन क्रमांकावर संदेश पाठविण्याची सोय केली. तेथे लोकांना दिला जाणारा उपदेश असा आहे की, बोलता येत असेल तर बोला. येत नसेल तरच संदेश करा. ब्रिटनमध्ये मूकबधिरांच्या सोयीसाठी २००९ साली संदेशाने मदत मागण्याची व्यवस्था सुरू झाली. तेथे आपला फोन आगाऊ नोंदवावा लागतो. दोन्ही देशांचा हा रिवाज आपणही पाळण्याजोगा आहे. बोलण्याने एका मिनिटात जेवढी माहिती देता-घेता येते, तेवढी दहा संदेशांनीही होत नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कंपनीचा मनोरा जवळ नसेल आणि फोनच्या पडद्यावर केवळ आपत्कालीन कॉल करता येईल असे दिसत असेल, तर संदेश जाणार नाही. परंतु ११२ हा क्रमांक फिरविल्यास दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून तो लागण्याचा संभव असतो. म्हणून ‘रेंज नाही’ असे म्हणून फोन खिशात ठेवू नये. ११२ एकदा अवश्य फिरवून पाहावा.

संदेशाचा अवलंब पुढील प्रसंगी करावा :

१. आवाज वारंवार तुटत असेल, किंवा पूर, वादळ अशा प्रसंगी गर्दीमुळे फोन लागत नसेल.

२. मदत मागणारी व्यक्ती मूक अथवा बधिर असेल.

३. घरात अथवा वस्तीवर चोर, दरोडेखोर शिरले असतील आणि बोलल्यास जिवास धोका असेल. अशा वेळी फोनचा आवाज प्रथम बंद करावा.

४. वादळवारा, यंत्राचा आवाज अथवा पुराचा घोंघाट यांमुळे ऐकू येणे अशक्य असेल.

५. फोनवर बोलणे झाले असेल, पण ठिकाणाचे नाव पुन्हा लेखी देणे इष्ट असेल.

हाक कोणास मारावी?

पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत या सर्वांसाठी आपल्या देशात ११२ हा एकच क्रमांक ठेवण्यात आला आहे. देशात प्रथम हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०१८ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०२१ पासून कार्य करीत आहे. दूरध्वनी, लघुसंदेश, ई-मेल, संकेतस्थळ व ‘११२ इंडिया’ हे मोबाइल ॲप अशा अनेक मार्गांनी आलेली हाक घेता यावी, अशी तिची रचना आहे. फोनची चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ ही कळ दाबून धरल्यास ११२ ला हाक जावी, अशीही योजना आहे. आपल्या फोनवर ही सोय चालू आहे किंवा कसे, हे फोन घेतेवेळीच दुकानदाराकडून समजून घ्यावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली व ती विनामूल्य आहे. गरोदर व बाळंत माता आणि तान्ही मुले यांच्यासाठी १०२, अग्निशमनासाठी १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, तुटलेल्या वीजतारेची वर्दी देण्यासाठी १९१२ आणि जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हे क्रमांक आहेत. यांपैकी १०८ वर बोलूनच मदत मागावी.

मग बोलणे अशक्य असेल तर रुग्णवाहिका कशी बोलवावी? याचे उत्तर गावातच आहे. संदेश ११२ ला पाठवावा आणि तोच संदेश गावातील तीन ठरलेल्या व्यक्तींनाही पाठवावा. या व्यक्तींना आपण ‘निरोप्या’ म्हणू. निरोप्याचे घर गावात, चांगल्या रेंजमध्ये असते. संदेश मिळताच तो १०८ अथवा ११२ ला फोन लावून आपल्या वतीने बोलतो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रस्त्यावर माणूस उभा करतो. पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, दूध संकलन केंद्रावरील इसम, रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणारा दुकानदार, असे तिघे निवडावेत. एकच निवडू नये, कारण त्याचा फोन नेमका त्याच वेळी बंद असू शकतो. ‘गावाच्या ग्रुपवर’ टाकलेला संदेश दोनशे जण वाचतात, परंतु प्रत्येकास वाटते की दुसरा कोणी फोन करीलच. म्हणून ग्रुपवर विसंबू नये. नाव ठरलेल्या माणसालाच कळवावे.

मजकूर कसा असावा?

जुन्या पिढीतील वाचकांना तारेची आठवण असेल. आपल्या देशातील तारसेवा १६० वर्षांहून अधिक काळ चालून जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेस शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे अल्पशिक्षित माणूसही पोस्टमास्तरांच्या मदतीने मोजक्या शब्दांत नेमकी बातमी लिहावयास शिकला होता. संकटाचा संदेश तारेप्रमाणेच लिहावा. त्यात पाच गोष्टी याव्यात आणि त्या याच क्रमाने याव्यात :

पहिली, काय झाले. “साप चावला”, “फवारणीचे विष बाधले”, “विजेचा धक्का”, “पुरात अडकलो”. हे शब्द अगदी आरंभी असावेत, कारण फोनच्या पडद्यावर प्रथम आरंभाचेच शब्द दिसतात.

दुसरी, कोणास व किती जणांस. पुरुष, स्त्री अथवा मूल, अंदाजे वय आणि संख्या.

तिसरी, गाव, तालुका, जिल्हा.

चौथी, नेमके ठिकाण व तेथे पोहोचण्याची खूण.

पाचवी, काय हवे. रुग्णवाहिका, पोलीस, बंब अथवा नाव. पहिल्या शब्दांवरूनच हे उघड होत असेल तर ते गाळले तरी चालेल.

“नमस्कार”, “साहेब”, “कृपया लवकर या”, “फार वाईट झाले आहे” असे शब्द गाळावेत. त्यांनी भावना कळते, परंतु गाडी कोठे पाठवावयाची हे कळत नाही. “लवकर या” हे शब्द तर सर्वस्वी निरुपयोगी होत; संकटाचा प्रकार सांगितला म्हणजे निकड आपोआप समजते.

लिपी व लांबी

एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिल्यास ही संख्या ७० वर येते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अधिक जागा घेते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरातील पाय मोडण्याचे चिन्ह ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. उदाहरणार्थ, ‘ग्रामपंचायत’ हा शब्द आपण सहा अक्षरांचा समजतो. संदेशात मात्र तो ११ चिन्हांचा होतो. मजकूर ७० चिन्हांपलीकडे गेला की त्याचे दोन किंवा अधिक तुकडे पडतात. क्षीण क्षेत्रात एक तुकडा जाणे आणि दुसरा अडकणे संभवते. अडकला तो गावाच्या नावाचा तुकडा असेल तर सारेच व्यर्थ.

सत्तर चिन्हांत काय मावते याचा नमुना पुढे दिला आहे :

“साप चावला, पुरुष ४०. वाघोदे बु. ता. रावेर जि. जळगाव. शाळेमागे मळा.”

हा मजकूर ६६ चिन्हांचा आहे. काय झाले, कोणास झाले व कोठे झाले, हे सर्व त्यात आले आहे. ज्यास देवनागरी टंकन सवयीचे नसेल त्याने मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा. त्यात कमीपणा नाही. शुद्धलेखनाची चिंता करू नये. गावाचे नाव तेवढे नीट तपासावे.

ठिकाण सांगण्यातील चुका

११२ ची हाक नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रात घेतली जाते. तेथे बसलेल्या कर्मचाऱ्यास संगणकावर नकाशा दिसतो, परंतु ‘म्हसोबाचा मळा’ किंवा ‘आप्पांची विहीर’ कोठे आहे हे त्यास कळणे शक्य नाही. खानदेशात पिंप्री, वडगाव, पिंपळगाव या नावांची अनेक गावे आहेत. एकाच रावेर तालुक्यात वाघोदे बुद्रुक आहे आणि वाघोदे खुर्दही आहे. केवळ ‘वाघोदे’ असे लिहिल्यास गाडी भलत्या गावी जाईल. म्हणून बुद्रुक किंवा खुर्द आणि तालुका व जिल्हा यांचा उल्लेख टाळू नये.

निरोप्यास पाठवावयाच्या संदेशात मात्र तालुका-जिल्हा लिहिण्याचे कारण नाही. तेथे मळ्याचे, विहिरीचे, पाणंदीचे स्थानिक नावच अधिक उपयोगी पडते. दूरच्या माणसास सरकारी नाव आणि जवळच्या माणसास बोलीतील नाव, हा नियम ध्यानात ठेवावा. घराजवळचा माणूस अहिराणीत अथवा पावरीत लिहिलेला संदेश समजेल. केंद्रास मात्र मराठीत अथवा हिंदीत लिहावे.

नव्या प्रकारच्या फोनवर नकाशातील आपले ठिकाण आकड्यांत दाखविले जाते. ते आकडे संदेशात लिहून पाठविता येतात. ज्यांना हे येत असेल त्यांनी अवश्य करावे. परंतु गाडी प्रत्यक्षात कोठपर्यंत येऊ शकते हे आकडे सांगत नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत रुग्णवाहिका रुतते. म्हणून गाडी येऊ शकेल असे डांबरी रस्त्यावरील ठिकाण कळवावे आणि रुग्णास बैलगाडीने, ट्रॅक्टरने अथवा बाजेवरून तेथवर आणावे.

संदेश पाठविल्यानंतर

संदेश गेला म्हणजे मदत निघाली असे समजू नये. उलट उत्तर येईपर्यंत, किंवा निरोप्याने ‘कळविले’ असे लिहीपर्यंत हाक पोहोचली नाही असेच धरावे. दोन-तीन मिनिटांत उत्तर न आल्यास पुन्हा पाठवावा, उंचवट्यावर जाऊन पुन्हा फोन लावून पाहावा, आणि सोबत दुसरा माणूस असल्यास त्यास गावाकडे धाडावे. फोनवर गाणी, चित्रे व इतर कामे बंद करून विजेरीचा साठा राखावा. मदत येत आहे असे कळल्यावरही फोन बंद करू नये. गाडीचा चालक वाट विचारण्यासाठी त्याच क्रमांकावर फोन करतो.

मधल्या वेळात रुग्णाची हेळसांड होऊ नये. सर्पदंश झालेल्यास चालवू नये. चावलेला अवयव फळीस सैल बांधून स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये आणि मांत्रिकाकडे नेण्यात वेळ दवडू नये. साप मारण्याच्या अथवा पकडण्याच्या भरीस पडू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच असून ती रुग्णालयातच टोचता येते. विषबाधा झालेल्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ओकारी काढू नये आणि औषधाचा डबा अथवा त्यावरील चिठ्ठी रुग्णासोबत न्यावी. औषधाचे नाव संदेशात आगाऊ कळविता आले तर उत्तमच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यांनीही त्यापासून धडा घ्यावयास हवा. विजेचा धक्का बसलेल्यास, प्रवाह तोडल्याखेरीज स्पर्श करू नये.

पुराची रात्र

पांझरेच्या पुराने १८७२ साली धुळे शहराची मोठी हानी केली होती, हे खानदेशच्या इतिहासात नमूद आहे. अलीकडचे उदाहरण चाळीसगावचे आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीत झालेल्या अतिवृष्टीने तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहने अडकून पडली. अशा रात्री शेकडो लोक एकाच वेळी फोन लावतात. मार्ग तुंबतात. तेव्हा बोलण्याचा हट्ट धरणाऱ्यापेक्षा नेमका संदेश लिहिणाऱ्याची हाक आधी पोहोचण्याचा संभव असतो.

पुराच्या संदेशात माणसे किती, त्यांत मुले, वृद्ध व आजारी किती, पाणी कोठवर आले आहे आणि चढते आहे की उतरते आहे, एवढे लिहावे. घाटात अथवा रस्त्यावर अडकलेल्याने जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा पाहून लिहावा. ‘घाटात अडकलो’ एवढ्यावरून कोणासही ठिकाण समजत नाही.

संदेश घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे. धरणातून पाणी सोडण्याची, अतिवृष्टीची अथवा विजा पडण्याची सूचना शासनाकडून फोनवर येते. ती जाहिरात समजून पुसून टाकू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास आगाऊ इशारा देते. उघड्या रानात काम करणाऱ्यांच्या टोळीत निदान एकाच्या फोनवर ते असावे.

अफवा व खोटी हाक

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आग लागल्याच्या अफवेने रेल्वेगाडीतील प्रवाशांनी खाली उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या दुसऱ्या गाडीखाली अनेकांना प्राण गमवावे लागले. तोंडची अफवा काही मिनिटांत एवढा अनर्थ करते, तर लेखी अफवा किती करील याचा विचार करावा. स्वतः पाहिले नसेल तर संदेशात ‘ऐकले’ असे स्पष्ट लिहावे. धरण फुटले, टोळी आली अशा वार्ता खात्री केल्याखेरीज पुढे पाठवू नयेत. ११२ व १०८ या क्रमांकांवर गंमत म्हणून अथवा सराव म्हणून हाक मारू नये. त्या क्षणी दुसऱ्या कोणाचा जीव त्या मार्गावर अवलंबून असतो. शिवाय खोटी वर्दी देणे हा गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

हा पाठ वाचून दाखविल्याने काम होणार नाही. पेरणीपूर्व सभेत बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आपण जसे करून दाखवितो, तसेच याचेही करावे.

१. गावात तीन निरोपे ठरवावेत. त्यांचे क्रमांक त्यांच्या संमतीने ग्रामपंचायतीच्या फलकावर व प्रत्येक शेतमजुराच्या फोनमध्ये नोंदवावेत. नाव असे नोंदवावे की ते यादीत सर्वांत वर येईल.

२. शिवारातील मळे, विहिरी, पाणंदी, नाले यांची स्थानिक नावे, गट क्रमांक आणि गाडी येऊ शकेल असे जवळचे ठिकाण यांचा एक तक्ता करावा. त्याची प्रत निरोप्यांकडे ठेवावी. शेतकऱ्यांनी आपापल्या पंपघराच्या भिंतीवर गट क्रमांक मोठ्या आकड्यांत रंगवावा. रात्रीच्या गोंधळात तो पाठ असलेल्यासही आठवत नाही.

३. प्रत्येकाच्या फोनमध्ये संदेशाचा अर्धा मजकूर, म्हणजे गाव, तालुका व जिल्हा, आधीच लिहून ठेवावा. संकटात आरंभीचे दोन शब्दच लिहिणे उरते.

४. गावातील मूक व बधिर व्यक्ती, एकटे राहणारे वृद्ध आणि वस्तीवरील कुटुंबे यांना प्रथम शिकवावे. त्यांची निकड सर्वांत मोठी आहे. लिहिता न येणाऱ्यांसाठी घरातील शाळकरी मुलास तयार करावे.

५. खरीप व रब्बीच्या आरंभी एकदा सराव घ्यावा. एकाने दूरच्या मळ्यातून निरोप्यास संदेश पाठवावा. आरंभी ‘सराव’ हा शब्द लिहावा. निरोप्याने घड्याळ लावून किती वेळात वाचला, ठिकाण समजले की नाही, हे सांगावे. शिवारात कोठून संदेश जात नाही, हेही या सरावात कळेल. ती ठिकाणे तक्त्यावर खूण करून ठेवावीत आणि तेथे एकट्याने रात्री काम करू नये असा संकेत पाडावा.

उजळणी

सभेत पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लोकांकडूनच काढून घ्यावीत :

१. बोलणे शक्य असताना संदेश का पाठवू नये?

२. “लवकर या” या संदेशात कोणत्या पाच गोष्टी नाहीत?

३. पडद्यावर केवळ आपत्कालीन कॉलची सोय दिसत असेल तर काय करावे?

४. केंद्रास व निरोप्यास पाठवावयाच्या संदेशांत ठिकाणाबाबत कोणता फरक असावा?

५. आपल्या मळ्यात साप चावल्यास पाठवावयाचा संदेश सत्तर चिन्हांत लिहून दाखवा.

वर सांगितलेल्या त्या सालदाराच्या मळ्यात आता पंपघराच्या भिंतीवर गट क्रमांक रंगविलेला आहे, आणि त्याखाली खडूने तीन फोन क्रमांक लिहिलेले आहेत. पावसाने ते पुसले गेले की तो स्वतः पुन्हा लिहितो. ज्यास किंमत मोजावी लागली त्याने हे केले. इतरांनी ती मोजण्यापूर्वीच करावे. शेतकरी बंधूंनो, या खरिपाच्या पहिल्या फवारणीपूर्वी आपल्या गावचे तीन निरोपे कोण, याचा निर्णय करा आणि त्यांची नावे आजच फोनमध्ये नोंदवा.